कट्ट्यासाठी झुलिप : डेव्हलपर मंडळींच्या अवांतर गप्पा आणि एक चॅट-सेवा

सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे एकत्र आली की कामाचे बोलणे थोडे आणि अवांतर बोलणे फार, हा अनुभव कोणत्याही कंपनीतला माणूस सांगेल. पुण्यात तो अधिकच येतो, कारण हिंजवडीच्या, खराडीच्या आणि मगरपट्ट्याच्या मंडळींना प्रत्यक्ष भेटायचे म्हटले तर निम्मा शनिवार रस्त्यातच जातो, आणि मग भेटीची हौस टंकूनच भागवावी लागते. या बोलण्याला जागा कोणती द्यावी, हा प्रश्न मात्र बहुतेक गट गांभीर्याने घेत नाहीत. कामाचे साधन निवडताना तुलना होते, चाचण्या होतात, चार जणांची मते घेतली जातात. गप्पांसाठी जे हाताशी असेल ते चालवून घेतले जाते. आमच्या गटाने या वेळी उलट केले आणि झुलिप ही चॅट-सेवा आधी गप्पांच्या निकषावर पारखली. हे परीक्षणही त्याच निकषावर आहे. कामाच्या चर्चेसाठी ती कशी आहे, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

गटाची ओळख थोडक्यात करून देणे भाग आहे. निरनिराळ्या कंपन्यांत नोकरी करणारे, काही स्वतंत्र काम करणारे, काही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेले आणि निवृत्तीला टेकलेले दोघे-तिघे, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात आणि ज्यांचे कोबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या काळातले किस्से सर्वांना पाठ आहेत, अशी ही ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या, आवडीने जमलेली मंडळी आहेत. बोलण्याचे विषय ठरलेले आहेत: मेकॅनिकल कीबोर्डला निळे स्विच बरे की तपकिरी, कोड लिहायला व्हिम की ईमॅक्स, तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडचे करायचे काय, जुनी कररचना की नवी, वाकडमध्ये टँकरशिवाय पाणी येणारी सोसायटी आहे का, आणि मिसळ कोणाची. शेवटचा वाद मिटत नाही आणि तो मिटू नये, असे माझे मत आहे. या गप्पा वरकरणी रिकामटेकड्या वाटल्या तरी भाड्याचे घर, भरवशाचा प्लंबर, मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न आणि कोणत्या टीममध्ये जाऊ नये याचा सल्ला, असा खरा ऐवज त्यांतच असतो. म्हणूनच त्या वाहून जाऊ नयेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

अवांतर बोलण्याला वेगळी खोली देण्याची रीत जुनी आहे. 1988 मध्ये फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी हे इंटरनेटवरील गप्पांचे साधन लिहिले, आणि पुढे त्यावर मोठे प्रकल्प नांदू लागले तेव्हा मुख्य चॅनेलच्या शेजारी दुसरे चॅनेल ठेवण्याची पद्धत पडली. उबुंटू या लिनक्स प्रणालीचे ‘उबुंटू-ऑफटॉपिक’ हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. मुख्य चॅनेलमध्ये कोणी क्रिकेटबद्दल बोलू लागला की त्याला शेजारचे दार दाखवायचे, एवढीच त्यात व्यवस्था होती. आयआरसीची मूळ रचना अशी की तुम्ही जोडलेले नसताना झालेले बोलणे तुम्हाला दिसत नाही. त्यासाठी बाउन्सर, म्हणजे आपल्या वतीने कायम जोडलेला राहणारा प्रोग्रॅम, चालवावा लागे. त्यामुळे गप्पा त्या क्षणापुरत्या असत आणि कोणाची त्याला हरकतही नसे. पुढे 2021 च्या मे महिन्यात फ्रीनोड या मोठ्या आयआरसी जाळ्याच्या मालकीवरून फाटाफूट होऊन मंडळी लिबेरा या नव्या जाळ्यावर गेली, तोपर्यंत तरुण पिढी स्लॅक आणि डिस्कॉर्ड या चॅट-सेवांकडे वळलेलीच होती.

या नव्या साधनांनी इतिहास साठवला खरा. पण स्लॅकच्या फुकट योजनेत सप्टेंबर 2022 पासून फक्त मागच्या 90 दिवसांचे बोलणे दिसते आणि 2024 च्या ऑगस्टपासून वर्षापेक्षा जुने संदेश पुसलेच जातात. वर्गणी न काढणाऱ्या हौशी गटासाठी ही अट निर्णायक आहे. डिस्कॉर्डला ती अट नाही. तेथे अडचण वेगळी आहे. शंभर माणसांचे एक ‘ऑफ-टॉपिक’ चॅनेल म्हणजे एकामागून एक येणाऱ्या ओळींचा लोंढा, ज्यात कीबोर्डाच्या प्रश्नाचे उत्तर मिसळीच्या फोटोंखाली आणि मिसळीचे फोटो कराच्या तक्त्याखाली दडपले जातात. थ्रेडची, म्हणजे एका संदेशाखाली वेगळी चर्चा चालवण्याची, सोय आहे, पण थ्रेड उघडायचा की नाही हे बोलणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि गप्पांच्या भरात ती मर्जी कोणालाच होत नाही. व्हॉट्सॲपबद्दल वेगळे सांगायला नको. 1024 जणांचा गट करता येतो म्हणून तो करावा असे नाही.

झुलिपने हा गुंता मुळातच वेगळ्या पद्धतीने सोडवला आहे. 2012 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे सुरू झालेली ही कंपनी 2014 मध्ये ड्रॉपबॉक्सने घेतली, 2015 मध्ये तिचा कोड अपाची परवान्याखाली खुला झाला आणि नंतर मूळ संस्थापकांपैकी टिम ॲबट यांनी त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. रस्ट भाषेचे विकसक आणि लीन या प्रमेय सिद्ध करणाऱ्या प्रणालीवर काम करणारे गणिती हे तिचे मोठे वापरकर्ते आहेत. तिच्यात चॅनेलच्या पोटात ‘टॉपिक’ असतो आणि प्रत्येक संदेश कोणत्या तरी टॉपिकखाली जातो. थ्रेड ही येथे वेगळी सोय नाही, तोच पाया आहे. आमच्या येथे चॅनेलचे नाव ‘कट्टा’ आणि त्याखाली ‘मिसळ’, ‘कीबोर्ड’, ‘भाड्याची घरे’, ‘चांदणी चौक’ असे टॉपिक आहेत. यांतला चांदणी चौक 2023 च्या ऑगस्टमध्ये नवा पूल खुला झाल्यापासूनची तक्रारवही आहे. कोणत्या रॅम्पने चढले असता माणूस बावधनऐवजी मुंबईच्या दिशेला लागतो, याचे रेखाचित्रांसह विवेचन तेथे सापडेल.

खरी परीक्षा कामाच्या बोलण्यातून अवांतर बोलणे फुटते तेथे होते, कारण कोणीही ‘आता मी विषयांतर करतो’ असे सांगून विषयांतर करीत नाही. एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ‘मदत’ या चॅनेलमध्ये एका मुलीने विचारले की तिच्या प्रोग्रॅममध्ये टाइमझोनचे नाव कधी ‘एशिया/कोलकाता’ आणि कधी ‘एशिया/कलकत्ता’ असे का येते. उत्तर लगेच आले: टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये पहिले नाव मुख्य आहे, दुसरे जुन्या प्रोग्रॅमांसाठी राखलेले, आणि दोन्ही एकाच नोंदीकडे जातात, तुलना करताना नावाच्या अक्षरांवर विसंबू नये. येथे काम संपले होते. पण एकाने लिहिले, “एशिया/पुणे का नाही म्हणे?” आणि एका सरांनी त्यावर गंभीरपणे सांगितले की पुणे राहू द्या, मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या पुढे 4 तास 51 मिनिटे, आणि 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही मुंबईने ती 1955 पर्यंत सोडली नाही. मग नेपाळची पावणेसहा तासांची वेळ आली, पंचांगातील सूर्योदय आला, आणि पुण्याची प्रमाणवेळ म्हणजे दुपारी एक ते चार हा विनोदही आला, जो येणारच असतो.

इतर कोणत्याही साधनात येथे दोनच मार्ग उरतात. एक तर कोणी तरी वडीलधारेपणाने “कृपया विषयाला धरून बोला” असे लिहितो आणि रंगलेल्या मैफिलीवर पाणी पडते, किंवा कोणीच काही बोलत नाही आणि पुढच्या वेळी टाइमझोनचे उत्तर शोधणाऱ्याला एक ते चारचे विनोद चाळत बसावे लागते. झुलिपमध्ये आमच्यापैकी एकाने ‘एशिया/पुणे’ या संदेशाच्या मेनूतून ‘हा आणि यापुढील सर्व’ असा पर्याय निवडून ते बोलणे उचलले आणि ‘कट्टा’ चॅनेलमध्ये ‘मुंबईची वेळ’ या टॉपिकखाली ठेवले. मूळ जागी झुलिपच्या स्वयंचलित बॉटने चर्चा कोठे गेली त्याची एक ओळ दुव्यासह टाकली, ‘मदत’मधील टॉपिकवर प्रश्न सुटल्याची बरोबरची खूण लागली आणि गप्पा पुढे चालू राहिल्या. कोणाला दटावावे लागले नाही की कोणी ओशाळला नाही. गप्पा न रोखता त्यांची जागा बदलण्याची ही सोय मला या सेवेतील सर्वांत मोलाची वाटते. हा अधिकार कोणाला द्यायचा हे सेटिंगमध्ये ठरवता येते. आम्ही तो सर्व जुन्या सदस्यांना दिला आहे, कारण एकट्या ॲडमिनवर ठेवला तर तो बिचारा आवराआवरीतच जाईल.

अवांतराचे टॉपिक किती निकडीचे होऊ शकतात, हे पावसाळ्यात कळते. ‘खडकवासला’ हा आमच्याकडील टॉपिक वर्षातील आठ महिने सिंहगड चढण्याच्या आणि कणसांच्या गप्पांचा असतो. पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे भरू लागली की त्याच टॉपिकमध्ये विसर्गाचे क्युसेकचे आकडे पडू लागतात, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो येतो, आणि नदीकाठच्या सोसायट्यांत राहणारे सदस्य त्याकडे गंमत म्हणून पाहत नाहीत. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी भागात पाणी शिरले, तेव्हापासून तर अजिबातच नाही. असे आकडे एकाच लोंढ्यात आले असते तर संध्याकाळपर्यंत ते भज्यांच्या फोटोंखाली गेले असते. येथे ज्याला गरज आहे तो त्या एका टॉपिकला ‘फॉलो’ करतो, त्याच्या नोटिफिकेशन चालू ठेवतो आणि बाकीचा कट्टा निवांत म्यूट करतो. टॉपिक फॉलो करण्याची ही सोय डिसेंबर 2023 मधील आठव्या आवृत्तीपासून आहे. अशा सोयी नव्हत्या तेव्हा चॅनेल म्यूट करणे म्हणजे सगळ्याच गोष्टींवर पाणी सोडण्यासारखे होते, असे जुने वापरकर्ते सांगतात.

दिवसभर काम करून संध्याकाळी वाचणाऱ्यांसाठी ही रचना अतिशय सोयीची आहे. न वाचलेले टॉपिक एका यादीत दिसतात. ‘एन’ ही कळ दाबली की पुढचा न वाचलेला टॉपिक उघडतो, ‘शिफ्ट’सह ‘एम’ दाबली की चालू टॉपिक म्यूट होतो. ज्या मंडळींचे हात माउसकडे जाताना कुरकुरतात त्यांना एवढ्यावरच ही सेवा आवडते. कोडचे रंगीत तुकडे, गणिताची सूत्रे, मतदानाची सोय हे सारे आहे आणि अपेक्षेप्रमाणे चालते.

मराठीतून लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. टॉपिकच्या नावाला 60 चिन्हांची मर्यादा आहे, आणि युनिकोड या संगणकीय अक्षरपद्धतीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह मोजले जाते. ‘हिंजवडी’ हा चार अक्षरी शब्द त्यामुळे सात चिन्हे खातो. डोळ्यांना आटोपशीर वाटणारे मराठी शीर्षक मध्येच अडते ते यामुळे. आमच्याकडील शीर्षके त्यामुळे आपोआप सुटसुटीत झाली, हा वेगळा फायदा. दुसरी गोष्ट शोधाची. स्वतःच्या सर्व्हरवर झुलिप बसवले तर त्याचा शोध मुळात इंग्रजी शब्दरूपे जुळवण्याच्या बेताने मांडलेला असतो. इतर भाषांसाठी पोस्टग्रेस या त्याच्या डेटाबेसला पीग्रूंगा हा विस्तार जोडता येतो आणि मराठी गटाने तो जोडावा. तो जोडला तरी विभक्तीचे काम आपल्यालाच करावे लागते. ‘भाडे’ शोधणाऱ्याला ‘भाड्याने देणे आहे’ सापडत नाही, कारण दोहोंत ‘भाड’च्या पुढचे काहीच जुळत नाही. यावर उपाय टॉपिकची नावे नीट ठेवणे हाच आहे, आणि ते काम माणसांचे आहे.

आता जेथे ही सेवा कट्ट्याला पुरी पडत नाही त्याविषयी. क्रिकेटचे शेवटचे षटक चालू असताना माणसाला “गेला!” एवढेच लिहायचे असते आणि त्यासाठी कोणत्या टॉपिकखाली लिहू, असा विचार करायला सवड नसते. टॉपिकची शिस्त अशा वेळी जाचक वाटते, आणि नव्याने आलेल्यांना तर पहिल्या आठवड्यात ती कोड्यासारखीच वाटते. निर्मात्यांनाही हे जाणवले असावे, कारण मार्च 2025 मधील दहाव्या आवृत्तीपासून टॉपिकचे नाव न दिलेले संदेश ‘जनरल चॅट’ या सर्वसाधारण टॉपिकखाली घेण्याची सोय झाली आहे. आम्ही ती कट्ट्यापुरती चालू ठेवली आणि कामाच्या चॅनेलांत बंद. तरीही सामन्याच्या रात्री अर्धी मंडळी फोनवर व्हॉट्सॲपच उघडतात, हे कबूल केले पाहिजे. फोनवरचे ॲप 2025 च्या जूनमध्ये फ्लटर या तंत्रावर नव्याने लिहून आले आणि ते चपळ आहे. पण मुळात टॉपिकांची यादी ही मोठ्या पडद्यावर शोभणारी गोष्ट आहे. स्वतःची बोलण्याची खोली, म्हणजे डिस्कॉर्डसारखा कायम उघडा आवाजी चॅनेल, येथे नाही; एका बटनाने जित्सी या व्हिडिओ-सेवेचा कॉल सुरू होतो आणि तो पुरतो. मात्र हेडफोन लावून, न बोलता, एकमेकांच्या टंकण्याचा आवाज ऐकत रात्री काम करणारी जी पोरे आहेत त्यांची यात सोय होत नाही.

एक मुद्दा गप्पांच्या दृष्टीने कामापेक्षाही महत्त्वाचा आहे. झुलिपमधील संदेश व्हॉट्सॲपप्रमाणे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. सर्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याला तांत्रिकदृष्ट्या ते वाचणे शक्य असते. लोक कट्ट्यावर पगाराचे आकडे सांगतात, मॅनेजरविषयी मनमोकळे बोलतात, राजीनाम्याचा मसुदा चार जणांना दाखवतात. त्यामुळे कंपनीने चालवलेल्या झुलिपवर ‘कट्टा’ नावाचे चॅनेल असले तरी तेथे कट्ट्यासारखे बोलू नये, हे नव्या मुलांना स्पष्ट सांगावे. गटाच्या स्वतःच्या जागीही सर्व्हर सांभाळणारा कोण, हे सर्वांना माहीत असावे आणि तो सर्वांच्या विश्वासातला असावा. इतिहास टिकणे हा या सेवेचा गुण आहे आणि अशा बोलण्यापुरता तोच धोका आहे. चॅनेलनुसार जुने संदेश ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसण्याची सोय सशुल्क योजनेत आणि स्वतःच्या सर्व्हरवर मिळते, ती ‘नोकरी-नाराजी’ अशा चॅनेलला लावण्यासारखी आहे.

खर्चाचे गणित असे. झुलिपच्या क्लाउडवरील फुकट योजनेत शेवटचे 10,000 संदेश शोधता येतात, आणि गप्पिष्ट गटाला तो आकडा पार करायला फार दिवस लागत नाहीत. ओपन सोर्स प्रकल्पांना आणि तत्सम समुदायांना प्रायोजकत्वाचा अर्ज करून वरची योजना विनामूल्य मिळू शकते. स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचे तर 100 पेक्षा कमी लोकांसाठी किमान 2 जीबी रॅमचे उबुंटू किंवा डेबियन यंत्र लागते. बसवणे सोपे आहे, पण पुढे आवृत्त्या अद्ययावत ठेवणे आणि बॅकअप घेणे हे कोणा तरी एकाच्या गळ्यात पडते, आणि आमच्या गटात या प्रश्नावर सर्वांचे लक्ष अचानक दुसरीकडे जाते. शिवाय स्वतःच्या सर्व्हरवरून फोनवर नोटिफिकेशन पाठवण्याची सोय 10 वापरकर्त्यांपर्यंतच आपोआप फुकट आहे. त्यापुढे योजना घ्यावी लागते, जी समुदायांना अर्ज केल्यास विनामूल्य मिळते. क्लाउडवरून सारा इतिहास उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर किंवा उलट दिशेने नेता येतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी अंतिम निर्णय घेण्याची सक्ती नाही. आमच्याकडे तूर्त फुकट योजना चालू आहे, प्रायोजकत्वाचा अर्ज कोणी लिहायचा यासाठी कट्ट्यावर स्वतंत्र टॉपिक उघडला आहे, आणि त्यात सध्या मिसळीची चर्चा चालू आहे.